परिचालन प्रणालीचा गाभा : विरामानंतरची अवस्था

संगणकातील प्रक्रियक, स्मृती व उपकरणे यांवर थेट नियंत्रण ठेवणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणालीचा गाभा म्हणतात. संगणक थांबविण्याची आज्ञा दिल्यावर गाभा काही अंतिम कार्ये करतो व नंतर स्वतःही थांबतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक; स्थापना १९८८) २००७ मध्ये प्रसृत केलेल्या ‘बॉस’ या भारतीय परिचालन प्रणालीचा गाभा लिनक्स हा आहे. पुढील वर्णन मुख्यत्वे लिनक्सला अनुसरून केले आहे.

विरामापूर्वीची कार्ये : चालू आज्ञावली प्रथम बंद केल्या जातात. लेखनाचा वेग वाढावा म्हणून गाभा बरीचशी माहिती तबकडीवर लगेच न लिहिता काही काळ स्मृतीत साठवितो. ती आता तबकडीवर उतरविली जाते व फायलींची व्यवस्था सुसंगत अवस्थेत मिटविली जाते. वीजपुरवठा एकाएकी खंडित झाल्यास हेच कार्य राहून जाते. अशा वेळी न लिहिलेली माहिती नष्ट होते, तर अर्धवट लिहिलेली फाईल निरुपयोगी ठरू शकते. यानंतर उपकरणे शांत केली जातात, एक प्रक्रियक सोडून इतर थांबविले जातात आणि ‘प्रणाली थांबली’ अशा अर्थाचा संदेश पडद्यावर उमटतो.

विराम : इंटेल पद्धतीच्या प्रक्रियकात विरामासाठी स्वतंत्र आज्ञा असते. ती मिळताच प्रक्रियक पुढील आज्ञा वाचणे थांबवितो. एरवी कळफलक, घड्याळ इत्यादींकडून येणारा व्यत्यय-संकेत त्यास पुन्हा जागे करतो. परंतु गाभ्याने असे संकेत आधीच रोखलेले असतात. तथापि काही विशेष संकेत रोखता येत नाहीत. त्यांपैकी एखाद्याने प्रक्रियक जागा झालाच, तर त्याला पुन्हा तीच आज्ञा मिळावी यासाठी ती एका अखंड आवर्तनात ठेवलेली असते.

गाभा म्हणजे आज्ञांचा समूह असल्याने प्रक्रियक त्या पाळत असेल तेव्हाच तो ‘कार्य करतो’. विरामानंतर तो काहीही करीत नाही. मात्र वीज चालू असेपर्यंत त्याच्या आज्ञा स्मृतीत कायम असतात. हिंगोली जिल्ह्यातील पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे मिटले, तरी जलाशयातील पाणी जागीच राहते, तशीच ही स्थिती होय. वीज बंद केल्यावरही स्मृतीतील आशय तत्क्षणी पुसला जात नाही. तो काही सेकंद व अतिशय थंड अवस्थेत त्याहून अधिक काळ टिकतो, असे २००८ मध्ये प्रिन्स्टन येथील संशोधकांनी दाखविले. गोपनीय माहितीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

विराम व वीजबंदी : पूर्वी विरामाचा संदेश दिसल्यावर वापरणाऱ्यास हाताने बटण दाबून वीज बंद करावी लागे. १९९० नंतरच्या दशकात आज्ञेद्वारे वीज बंद करण्याची सोय रूढ झाली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एसीपीआय’ या मानकाने तीस निश्चित रूप दिले. या पद्धतीत गाभा एका नियंत्रण-नोंदकात ठराविक मूल्य लिहितो व मुख्य वीजपुरवठा तुटतो. त्यानंतरही मेजावरील संगणकाची तार विजेच्या खटक्याशी जोडलेली असल्यास अल्प प्रमाणात वीज चालू राहते. त्यामुळे बटणाने वा जालावरून आलेल्या संकेताने संगणक पुन्हा सुरू करता येतो. यंत्रातील घड्याळ मात्र पूर्ण वीजबंदीतही लहान विद्युत् घटावर चालते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर आधीचा गाभा जागा होत नाही. तो तबकडीवरून नव्याने स्मृतीत आणला जातो.