गोत्र वेगळं, पण रक्त?

विष्णुपुरीला शेजारच्या वहिनींकडे आम्ही चौघीजणी पापड लाटायला बसलो होतो. लाटता लाटता वहिनी म्हणाल्या, "यंदा मोठ्याचं उरकून टाकायचं बाई. स्थळ काय शोधायचं? भावाची पोरगी आहेच की. बारशालाच शब्द दिलाय मी."

मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पण पोरगा म्हणतो, आधी डॉक्टरांना विचारू. आता यात डॉक्टरांचं काय काम? पत्रिका जुळते, गोत्र वेगळं, देवकही वेगळं!"

मैत्रिणींनो, वहिनींचा हा प्रश्न मराठवाड्यात घरोघरचा आहे. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, ही आपली जुनी चाल. सुभद्रासुद्धा अर्जुनाच्या मामाचीच मुलगी! इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात या चालीचा अभ्यास मांडला आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा सख्ख्या बहीण-भावाच्या मुलांचं आपसातलं लग्न निषिद्ध मानतो, पण जिथे तशी रूढी आहे तिथे मुभाही देतो.

ही चाल का पडली, ते आपल्याला सांगायला नको. माहेरची पोर सून म्हणून आली, तर तिला घरच्या चालीरीती शिकवाव्या लागत नाहीत. देण्याघेण्याचा घोळ कमी, जमीनजुमला घरातल्या घरात. मुळात माणसाला आपल्यासारखंच माणूस आवडतं. स्वतःच्या पसंतीने लग्न करणारेही बहुधा आपल्याच शिक्षणाचा, आपल्याच राहणीचा जोडीदार निवडतात. डॉक्टरला डॉक्टर, मास्तरणीला मास्तर! त्यात वावगं काहीच नाही. उंच नवरा नि उंच बायको असली, तर मुलं उंच होतील, एवढंच. प्रश्न येतो तो सारखेपणा रक्ताच्या नात्यातून आला तर.

आता गोत्राचं पाहू. गोत्र चालतं बापाकडून. मामाचं गोत्र वेगळं, म्हणून मामाच्या मुलीचंही वेगळं. पण शरीर घडवणारी जनुकं निम्मी बापाकडून आणि निम्मी आईकडून येतात. आईकडचा हिशेब गोत्रात धरलेलाच नाही! आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. मामा-भाचीची तर एक चतुर्थांश.

प्रत्येक जनुकाची जोडी असते. खोलीत दोन दिवे असावेत तसं समजा. एक विझला तरी उजेड राहतो, म्हणून कळतही नाही. असा एखादा विझलेला दिवा आपल्या प्रत्येकीजवळ आहे. परक्या घरातल्या जोडीदाराचा बहुधा दुसराच दिवा विझलेला असतो. नात्यात मात्र दोघांचाही तोच विझलेला असण्याचा संभव वाढतो. तसं असलं, तर दर खेपेला चारात एक वेळ बाळाच्या वाट्याला दोन्ही विझलेले दिवे येऊ शकतात. जन्मजात बहिरेपणा, थॅलेसेमिया यांसारखे आजार असे येतात.

घाबरून जायचं मात्र कारण नाही. एरवी शंभर बाळांत दोन-तीन बाळांना मोठं जन्मजात व्यंग असतं. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकटच होतात. म्हणून तर वडीलधारी म्हणतात, "आमच्यात पिढ्यान् पिढ्या चाललंय, कुठे काय झालं?" पण पिढ्यान् पिढ्या चाललं असेल, तर धोकाही साठत जातो.

शेवटी वहिनी मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी कागदावर तीन पिढ्या मांडायला लावल्या. मांडता मांडता वहिनींचा हात थांबला. भावाचा थोरला मुलगा जन्मापासून बहिरा. वहिनींच्या आजी-आजोबांचं लग्नही नात्यातलंच. डॉक्टर म्हणाले, "भावाकडे तो दोष बहुधा असणार. तोच तुमच्याकडे आणि तुमच्याकडून मुलाकडेही आलेला असू शकतो."

वहिनी स्वतः माहेरी जाऊन बोलल्या. भावजय रडली. म्हणाली, "आमची पोर रोगट ठरवलीत का?" तसं नव्हतंच. मुलीत खोट नाही. दुसऱ्या घरात ती सुखाने नांदेल. अडचण या एका जोडीची होती.

तुमच्या घरी असं ठरत असेल, तर शब्द देण्याआधी एवढं करा. दोन्हीकडच्या तीन पिढ्यांत कोणी जन्मतः मुकं-बहिरं, मतिमंद, वारंवार रक्त द्यावं लागणारं, किंवा तान्हेपणी गेलेलं लेकरू आहे का, ते लिहून डॉक्टरांना दाखवा. थॅलेसेमिया नि सिकलसेलसाठी दोघांचं रक्त तपासून घ्या. नातं नसलं तरी ही तपासणी करावी, कारण एकाच समाजात तोच दोष पुष्कळांत असू शकतो. आधीच लग्न झालेलं असेल, तर दिवस राहण्यापूर्वी सल्ला घ्या.

आणि हो, दोघांचा रक्तगट एकच असला म्हणून लग्न मोडू नका. त्याने काही बिघडत नाही. बायको निगेटिव्ह नि नवरा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात डॉक्टरांना आठवणीने सांगा. त्यावर इंजेक्शन आहे.

वहिनी आता भाचीसाठी स्थळं बघत हिंडताहेत. म्हणतात, "सून नाही झाली म्हणून काय झालं? पोर माझीच की!"