पिलाचा पिंजरा

सावेडीच्या एखाद्या घरी प्रथमच पॉमेरेनियनचे पिलू आले, की पिंजरा पाहून घरच्यांस तो बंदिवास वाटतो. वस्तुतः कुत्र्यास आडोशाची निजण्याची जागा प्रिय असते व ती तो सहसा घाण करीत नाही. सारी शिकवण या स्वभावावरच उभी आहे.

पिलास उभे राहता, वळता व पाय पसरता येतील एवढाच पिंजरा असावा. फार मोठा असल्यास ते एका कोपऱ्याची मोरी करते. प्रथम दार उघडे ठेवून आत गोधडी व खाऊ ठेवावा. पिलू आपण होऊन आत जाऊ लागले, म्हणजे दार क्षणभर, मग काही मिनिटे लावावे. दोन महिन्यांचे पिलू दोन-तीन तासांपलीकडे लघवी रोखू शकत नाही. म्हणून निजून उठताच व खाणे होताच त्यास अंगणात न्यावे. लसी पुऱ्या होईतो रस्त्यावर नव्हे. रात्री ते कुईकुई करू लागल्यास न रागावता बाहेर न्यावे व खेळ न मांडता पुन्हा निजवावे.

नगरच्या वैशाखात पत्र्याखाली ठेवलेला पिंजरा मात्र जिवावर बेतेल. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग निववतो. आणि शिक्षा म्हणून त्यास आत कधीही कोंडू नये. भयाने ओळखलेले दार पिलास पुन्हा आपले वाटत नाही.