ट्रॅकमेनिया: ट्रॅक कुणी बनवला, ते बघा!

परवा भाच्याने विचारलं, "मामा, रोज नवा ट्रॅक येतो. कंपनीची माणसं झोपतात कधी?"

म्हटलं, अरे, ते ट्रॅक आपल्यासारखे खेळाडूच बनवतात!

फ्रान्सच्या नादेओ कंपनीचा 'ट्रॅकमेनिया' हा कार-शर्यतीचा गेम 2003 साली आला, तेव्हापासून ट्रॅक बनवायचा एडिटर गेममध्येच आहे. 2020 च्या आवृत्तीत 'ट्रॅक ऑफ द डे' सुरू झालं. रोज एका खेळाडूचा ट्रॅक निवडला जातो. पॅरिसच्या संध्याकाळी 7 ला तो बदलतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री 10:30, हिवाळ्यात 11:30.

मला सगळ्यात आवडतं ते ऑथर मेडल. ट्रॅक प्रसिद्ध करण्याआधी बनवणाऱ्याला तो स्वतः पूर्ण करावा लागतो. त्याची ती वेळ म्हणजेच ऑथर मेडलची वेळ. तुम्ही ती मोडायला धडपडता, तेव्हा शर्यत थेट त्या माणसाशी असते. गेममध्ये याहून सुंदर कल्पना मी पाहिलेली नाही.

म्हणून ट्रॅक आवडला की लगेच पुढे पळू नका. ट्रॅकसोबत दिलेलं बनवणाऱ्याचं नाव वाचा, ते शोधा. 'ट्रॅकमेनिया एक्स्चेंज' या संकेतस्थळावर त्याच माणसाचे बाकीचे ट्रॅक सापडतात. काही जण गेममध्ये क्लब चालवतात. तिथे सामील झालात की त्यांचं नवं काम हाताशी राहतं. (मोफत खेळणाऱ्यांना सगळंच उघडत नाही, हे लक्षात ठेवा.)

हळूहळू हात ओळखू येतो. कुणाला बर्फ आवडतो, कुणाला लांबलचक उड्या.

तुम्ही कुणाचे ट्रॅक आवर्जून खेळता? नावं कमेंटमध्ये टाका. एडिटरबद्दल काही अडलं असेल तर तेही विचारा.