पाळी चुकण्याआधीची तयारी

गर्भातील बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती नलिका गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवशी पूर्ण मिटते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. जिची पाळी नेहमीच मागेपुढे होते, तिला तोवर शंकाही आलेली नसते. नलिका नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीच्या कण्याला उघडी फट राहते किंवा कवटीचा वरचा भागच तयार होत नाही, आणि नंतर घेतलेल्या कोणत्याही गोळीने हा दोष भरून येत नाही.

१९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. असा दोष असलेले बाळ आधी झालेल्या स्त्रियांनी गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तेव्हा तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. मूल हवे असे ठरले की रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, निदान एक महिना आणि शक्यतो तीन महिने आधीपासून, हा सल्ला त्यानंतर जगभर रुळला. आधीच्या बाळाला हा दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टर यापेक्षा बराच मोठा डोस देतात. सरकारी आरोग्य केंद्रात पहिल्या तिमाहीत ही गोळी मोफत मिळते, पण नाव नोंदवल्यानंतर. नोंदणी होईपर्यंत नलिकेचे काम बहुधा उरकलेले असते. म्हणून नोंदणीची वाट न पाहता ही गोळी सुरू करणे, एवढी एकच गोष्ट कुणी केली तरी बरेच साधते.

शरीराचे जे आहे तेच पैशाचेही. आरोग्य विम्याची प्रतीक्षा, रजेसाठी लागणारे कामाचे दिवस, ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी या सगळ्यांची मोजणी मागून होते आणि ती बाळंतपणाच्या तारखेपाशी थांबते. ‘दिवस गेले की बघू’ म्हणणाऱ्यांच्या हातून यातल्या काही मुदती निघून गेलेल्या असतात.

आहाराबद्दल सल्ल्यांना तोटा नसतो, पण गर्भधारणेआधीच्या आहाराचा परिणाम नीट मोजून पाहणारे काम फार थोडे आहे, आणि त्यातले एक महत्त्वाचे काम मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाले. २००६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात साडेसहा हजारांच्या आसपास विवाहित स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाला रोज पालेभाजी, फळे आणि दूध वापरून बनवलेला खाऊ मिळे. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्या असत. खाऊ चवीला आणि दिसायला नेहमीच्या समोसा-भजीसारखाच ठेवला होता. तो गर्भ राहण्याआधीपासून बाळंतपणापर्यंत चालू राहिला. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. मात्र ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. गरोदरपणातला मधुमेह तर पालेभाजी-दुधाच्या गटात सुमारे ७ टक्के स्त्रियांना झाला, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांहून अधिक. त्या खाऊत महागडी पावडर नव्हती की परदेशी फळ नव्हते. मंडईत मिळणारी भाजीच होती, फक्त ती वेळेवर पोटात गेली होती.

पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून केलेला अभ्यासही इथे आठवावा लागतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली. या मातांपैकी बहुसंख्य जणींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांचे बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. पुढे हीच प्रवृत्ती मधुमेहाकडे नेऊ शकते. फॉलिक ॲसिड सोडावे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याच्या जोडीला बी-१२ तपासून घ्यावे, असा आहे. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून मिळते. शाकाहारी घरात चहापुरतेच दूध येत असेल, तर सुनेच्या रक्तात ते पुरेसे असेल असे गृहीत धरू नये.

रक्ताचे प्रमाण हा आपल्याकडचा जुना आणि मोठा प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले की तो रक्तक्षय धरतात. गोळ्यांनी आकडा काही आठवड्यांत वर येतो, पण शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी काही महिने लागतात. गरोदरपणात बाळाला लागणारे लोह याच साठ्यातून जाते, त्यामुळे रिकाम्या साठ्यावर सुरुवात झाली की पुढे नऊ महिने मागे धावावे लागते. बाजरी, नाचणी, पालेभाज्या, हरभरा, अळीव हे सगळे उपयोगी आहे, पण जेवण उरकताच चहाचा कप हातात आला तर जेवणातले बरेचसे लोह अंगी लागत नाही. चहा तासभर लांबवणे आणि पानात लिंबाची फोड असणे, यात खर्च जवळजवळ शून्य आहे.

हिमोग्लोबिन बरे, पण रक्तातील तांबड्या पेशी फार लहान, असा अहवाल आला तर थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी. वाहक व्यक्तीला कसलाच त्रास नसतो. नवराबायको दोघेही वाहक असले तर मात्र प्रत्येक गर्भधारणेत बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशा मुलाला आयुष्यभर रक्त चढवत राहावे लागते. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा, भानुशाली या समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आहे, पण ते त्यांच्यापुरते मर्यादित नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकलसेलचा प्रश्न असाच आहे; त्यासाठी १ जुलै २०२३ पासून देशपातळीवर तपासणीची मोहीम सुरू झाली. या दोन्ही तपासण्या आयुष्यात एकदाच कराव्या लागतात. गर्भ राहण्याआधी उत्तर हाती असले तर पुढचा विचार शांतपणे करता येतो; तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते समजले, तर त्याच कुटुंबाला काही दिवसांत फार अवघड निर्णय घ्यावा लागतो.

बाकीच्या तपासण्या आणि लशी एका भेटीत ठरू शकतात. रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत आणि ती घेतल्यावर एक महिना दिवस राहू देत नाहीत, म्हणून ती आधीच उरकलेली बरी. पहिल्या तिमाहीत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते, तेव्हा टीएसएच तपासून गोळीचा डोस नीट बसवून घ्यावा. मधुमेह असलेल्या स्त्रीने तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.५ च्या खाली आणून मगच मुलाचा विचार करावा. हृदयासारखे अवयव पहिल्या आठ आठवड्यांतच आकार घेतात आणि वाढलेली साखर नेमका तिथे घाव घालते. चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणेही तितकेच गरजेचे आहे. रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी टेल्मिसार्टन, फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन ही गर्भाला अपाय करणारी औषधे आहेत. ती बदलता येतात, पण आधी. फिट्सची गोळी मनाने बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते. गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्यावर किंवा तांबी काढल्यावर गर्भ लवकर राहू शकतो. ‘अंतरा’ इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रीला मात्र शेवटच्या इंजेक्शननंतर सात ते दहा महिने लागू शकतात. पहिले मूल असेल तर त्याच्या जन्मानंतर पुन्हा प्रयत्न करण्याआधी दोन वर्षांचे अंतर ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एवढी सगळी तयारी बाईच्याच नावावर मांडण्याची आपली सवय चुकीची आहे. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू तयार होऊन पक्व व्हायला सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. आज सोडलेल्या तंबाखूचा, गुटख्याचा, दारूचा गुण तेवढ्या काळाने दिसतो. भट्टीपाशी उभे राहण्याचे काम, तासन् तास गाडी चालवणे, मांडीवर लॅपटॉप यांमुळे वाढणारी उष्णता शुक्रजंतूंना मानवत नाही. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी टोचली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर शुक्रजंतूंची निर्मितीच बंद पाडू शकतात. स्त्रियांच्या बाजूने मिश्रीचा उल्लेख हवाच. ग्रामीण महाराष्ट्रात दातांना मिश्री लावणाऱ्या अनेकींना आपण तंबाखू घेतो असे वाटतच नाही. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर ‘नाही’ हेच उत्तर येते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते.

पैशाच्या तयारीत सगळ्यात आधी विम्याचे कागद काढावेत. स्वतः घेतलेल्या आरोग्य विम्यात बाळंतपणाचा खर्च बहुधा दोन ते चार वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मिळतो. थोड्या योजनांत ही मुदत नऊ महिन्यांपर्यंत खाली येते, हप्ता मात्र वाढतो. कंपनीच्या सामूहिक विम्यात सहसा प्रतीक्षा नसते, पण रकमेला मर्यादा असते आणि नोकरी सुटली की संरक्षणही सुटते. पाहण्यासारखा खरा मुद्दा वेगळाच आहे. नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का? बाळंतपणाच्या खर्चाचा अंदाज तरी बांधता येतो, पण बाळाला पेटीत ठेवावे लागले तर रोजचे बिल वाढत जाते आणि किती दिवस, हे आधी कुणीच सांगू शकत नाही. सिझरचाही खर्च धरून चालावे. २०१९-२१ च्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातील खासगी रुग्णालयांतली ४७ टक्के बाळंतपणे सिझरने झालेली दिसतात. पहिले बाळंतपण माहेरी करायचे असेल, तर कॅशलेसच्या यादीतले रुग्णालय माहेरच्या गावाजवळ आहे का, हेही पाहून ठेवावे. मुदत विमा घ्यायचा असल्यास तोही आधीच घ्यावा, कारण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बऱ्याच विमा कंपन्या अर्ज पुढे ढकलतात.

नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्यासाठी बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या ईएसआयच्या सभासद स्त्रीला हा लाभ महामंडळाकडून मिळतो, मात्र आधीच्या दोन वर्गणी कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी जमा हवी. ठेकेदार बदलताना मधले महिने कोरडे गेले की नेमका हाच हिशेब चुकतो. पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात दिसते, पण ती भरली गेली की नाही हे ईएसआयच्या संकेतस्थळावर आधीच पाहता येते.

संघटित क्षेत्राबाहेरच्या कुटुंबांसाठीही वाटा आहेत. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझरसह, औषधे, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र स्त्रीला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, आणि अडचण तिथेच होते. आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, दवाखान्याच्या कार्डावर तिसरेच, अशी स्थिती असली की अर्ज अडकून पडतो. लग्नानंतरचे नाव ठेवायचे की आधीचे, हे ठरवून सर्व कागदांवर एकच नाव करून घ्यायला वेळ लागतो, आणि पोट वाढल्यावर आधार केंद्राच्या रांगेत उभे राहणे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. बांधकाम कामगारांना त्यांच्या मंडळाकडून बाळंतपणासाठी अर्थसाहाय्य मिळते. त्याच्या नोंदणीला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

घरखर्चाची तयारी किती झाली हे तपासण्याचा एक सरळ मार्ग आहे. दोघे कमावते असतील तर तीन-चार महिने एकाच पगारात घर चालवावे आणि दुसरा पूर्ण बाजूला ठेवावा. घराचा हप्ता, किराणा, सासू-सासऱ्यांची औषधे भागवून महिना निभतो का, हे कागदी अंदाजापेक्षा यातून नीट कळते आणि हाताशी गंगाजळीही जमते. याच सुमारास नवी गाडी हप्त्याने घेणे टाळावे. दूध, लशी, मदतीला ठेवलेली बाई, पुढे पाळणाघर हा खर्च दरमहा चालू राहणारा असतो, आणि रजा संपल्यावर पाळणाघराचे शुल्क परवडले नाही म्हणून नोकरी सोडणाऱ्या स्त्रिया थोड्या नाहीत. बाळ कोण सांभाळणार, हा प्रश्न आजी-आजोबांशी आधीच मोकळेपणाने बोललेला बरा. त्यांच्या होकाराचा अंदाज बांधून ठेवू नये.

तयारी झाली तरी गर्भ लगेच राहतोच असे नाही. दहापैकी आठ जोडप्यांना वर्षभरात यश येते. स्त्रीचे वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष आणि त्याहून जास्त असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावे. पाळी फारच अनियमित असेल किंवा पूर्वी पोटाचा क्षयरोग झाला असेल, तर तेवढेही थांबू नये. वंध्यत्वाचे उपचार आरोग्य विम्यात बहुतेक वेळा बसत नाहीत, त्यामुळे तपासण्यांचा क्रमही खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. वीर्यतपासणी सर्वांत स्वस्त, बिनवेदना आणि एका दिवसात होणारी आहे. तरीही अनेक घरांत बायकोच्या सोनोग्राफ्या, इंजेक्शने आणि दुर्बिणीची तपासणी होऊन गेल्यावर नवरा पहिल्यांदा प्रयोगशाळेची पायरी चढतो. ती तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी.