आपल्याकडे प्रायमरी नाही, म्हणून बंडखोरी आहे

विधानसभेचा हंगाम जवळ आला की भंडाऱ्याच्या पानठेल्यावर पहिला प्रश्न "कोण निवडून येणार?" असा नसतो. पहिला प्रश्न असतो, "तिकीट कोणाले भेटते?" मतदानाला अजून दोन महिने असतात, पण गावातल्या कार्यकर्त्याची खरी धावपळ याच काळात चालू असते. आणि गंमत म्हणजे, ज्या निर्णयासाठी तो एवढा धावतो त्या निर्णयात त्याला एकही मत नसतं.

पक्षाचा उमेदवार कोण ठरवतं, आणि खालून मिळणारा पाठिंबा त्या निर्णयात मोजला जातो का, हा आजच्या पोस्टचा विषय आहे. उदाहरणं बहुतेक आपल्याच जिल्ह्यातली घेतली आहेत, कारण या प्रश्नासाठी भंडारा जिल्हा फार बोलका आहे.

आधी एक आकडा बघा: तीनपैकी तीन, आणि मग तीनपैकी शून्य

भंडारा जिल्ह्यात विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत: तुमसर, भंडारा आणि साकोली. २०१४ मध्ये तिन्ही जागा भाजपने जिंकल्या. तुमसरमधून चरण वाघमारे, भंडाऱ्यातून रामचंद्र अवसरे आणि साकोलीतून राजेश काशीवार निवडून आले. २०१९ मध्ये पक्षाने या तिन्ही जागांवर उमेदवार बदलले, आणि तिन्ही जागा गेल्या.

आता हे तीन निकाल वेगवेगळे बघू.

तुमसरमध्ये तिकीट न मिळाल्यावर वाघमारे अपक्ष उभे राहिले. राष्ट्रवादीचे राजू कारेमोरे जिंकले, वाघमारे दुसरे आले आणि भाजपचा अधिकृत उमेदवार तिसरा. वाघमारे आणि अधिकृत उमेदवार यांची मतं एकत्र केली, तर ती विजयी उमेदवारापेक्षा जास्त भरतात.

भंडाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. इथे २००९ मध्ये शिवसेनेचे नरेंद्र भोंडेकर आमदार होते. २०१९ मध्ये युतीच्या जागावाटपात ही जागा भाजपकडे गेली, म्हणजे सेनेच्या इच्छुकाला मागायला तिकीटच उरलं नाही. भोंडेकर अपक्ष लढले आणि निवडून आले.

साकोलीत काँग्रेसचे नाना पटोले जिंकले, भाजपचे परिणय फुके हरले. फरक सहा हजारांच्या आसपास होता.

यावरून "तिकीट कापलं म्हणून पक्ष हरला" असा सरळ निष्कर्ष काढायचा मोह होतो. थोडं थांबा. साकोलीत समोर पटोलेंसारखा जुना, ओळखीचा उमेदवार होता, आणि भंडाऱ्यातला बंडखोर मुळात भाजपचा नव्हताच. पण तुमसर आणि भंडाऱ्याने एक गोष्ट नक्की दाखवली. उमेदवार ठरवताना जो पाठिंबा कुणी मोजला नाही, तो मतदानाच्या दिवशी यंत्रात मोजला गेला.

प्रायमरी म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत मुख्य निवडणुकीच्या आधी पक्षाचा उमेदवार कोण, यासाठी वेगळं मतदान होतं. त्याला प्रायमरी म्हणतात. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ मध्ये याचा कायदा केला आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. काही राज्यांत पक्षाचा मतदार म्हणून नोंद असलेल्यांनाच मत देता येतं, काही राज्यांत कुठल्याही मतदाराला. त्यामुळे इच्छुकाला आधी आपल्याच पक्षाच्या मतदारांच्या दारात जावं लागतं.

यातली एक बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्या माणसाला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभं राहता येत नाही, किंवा कायद्याच्या तारखा तरी अशा असतात की ते जमत नाही. म्हणजे तिकडे मुख्य निवडणुकीच्या आधी एक दार उघडतात आणि नंतरचं दार बंद करतात.

आपल्याकडे बरोबर उलटं आहे. आधीचं दार बंद, नंतरचं उघडं.

आपल्याकडे तिकीट कसं ठरतं?

पद्धत तुम्हाला माहीत असेलच. इच्छुक पक्षाकडे अर्ज करतो. जिल्ह्यात निरीक्षक येतात, मुलाखती होतात. त्या दिवशी प्रत्येक इच्छुक गाड्या भरून माणसं आणतो. वर सर्व्हे होतात, पण त्यांचा निकाल कार्यकर्त्याला कधी दिसत नाही. नावं मुंबईला जातात, तिथून दिल्लीला. युती किंवा आघाडी असेल तर त्याआधी जागा कुणाची, याचाच वाद असतो.

शेवटी सगळं दोन कागदांवर येतं. आपण त्यांना एबी फॉर्म म्हणतो. ए फॉर्मवर पक्ष सांगतो की उमेदवाराचं नाव कळवायचा अधिकार कुणाला दिला आहे. बी फॉर्मवर ते नाव असतं. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत हे कागद निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचले नाहीत, तर पक्षाचं चिन्ह मिळत नाही. म्हणूनच अनेक याद्या शेवटच्या रात्री जाहीर होतात. नाराज माणसाला विचार करायला वेळच मिळू नये, असा त्यामागे हिशेब असतो.

कायदा यात कितपत लक्ष घालतो? जवळजवळ नाहीच. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून कलम २९ अ आहे. पक्षाने नोंदणी करताना संविधानाशी आणि लोकशाहीच्या तत्त्वाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. पण उमेदवार कसा निवडायचा, यावर त्यात एक ओळही नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी असं सुचवलं होतं. ते झालं नाही.

अपक्षाची वाट मात्र कायद्याने उघडी ठेवली आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला मतदारसंघातले १० सूचक लागतात. विधानसभेसाठी अनामत रक्कम १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. भंडारा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, म्हणजे तिथे ५ हजारच. एकूण वैध मतांपैकी एकषष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. खर्चाचं सोडा, पण कायद्याच्या दृष्टीने हे दार फार अरुंद नाही.

आपल्या शेजारी झालेली प्रायमरी

"मग आपणही प्रायमरी घेऊ या" असं वाटत असेल, तर वर्ध्याकडे बघा. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसने राहुल गांधींच्या पुढाकाराने देशात सुमारे १५ मतदारसंघांत हा प्रयोग केला. महाराष्ट्रात त्यासाठी वर्धा आणि लातूर निवडले गेले.

वर्ध्यात लढत झाली सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात. मेघे हे तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. टोकस या प्रभा राव यांच्या कन्या, आणि प्रभाताई म्हणजे काँग्रेसच्या माजी प्रदेशाध्यक्ष आणि राजस्थानच्या माजी राज्यपाल. प्रायमरी सागर मेघे यांनी जिंकली. मुख्य निवडणुकीत भाजपच्या रामदास तडस यांनी त्यांना दोन लाखांहून जास्त मतांनी हरवलं. त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं.

असं का झालं? मोदी लाट हे एक कारण आहेच. पण मला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या प्रायमरीत मतदार कोण होते? सामान्य मतदार नाही, साधा सदस्यही नाही. तालुक्याचे आणि जिल्ह्याचे पदाधिकारी, पक्षाच्या इतर आघाड्यांचे पदाधिकारी, निवडून आलेले लोकप्रतिनिधी. म्हणजे मतदारसंघात लाखो मतदार, आणि उमेदवार ठरवणारे शेकड्यांत. ज्यांची संघटनेवर आधीच पकड आहे त्यांनाच अशा मतदानात फायदा होतो. दोन मोठ्या राजकीय घरांतच लढत झाली, हा योगायोग नव्हता.

रुवेन हझान आणि गिडिअन राहात या दोन अभ्यासकांनी उमेदवार निवडीवर २०१० मध्ये एक महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा पहिला प्रश्न असा आहे की उमेदवार निवडणाऱ्यांचं वर्तुळ केवढं आहे? एका टोकाला एकटा नेता, दुसऱ्या टोकाला सगळे मतदार. मधे कार्यकारिणी, प्रतिनिधी, सदस्य अशा पायऱ्या. "प्रायमरी झाली" एवढं ऐकून खूश होऊ नका, वर्तुळ किती मोठं झालं ते विचारा. वर्ध्यात ते एक-दोन पायऱ्यांनीच मोठं झालं.

आणि वर्तुळ मोठं झालं तरी शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न उरतोच. त्याच प्रयोगात वडोदऱ्याची प्रायमरी नरेंद्र रावत यांनी जिंकली होती. मग तिथून नरेंद्र मोदी लढणार हे ठरलं, रावत बाजूला झाले आणि पक्षाने मधुसूदन मिस्त्री यांना उभं केलं.

दुसरं येऊन तिकीट मिळवणं

आता परत भंडाऱ्यात येऊ, पण दहा वर्षं मागे. २००९ ची लोकसभा. नाना पटोले लाखांदूरचे काँग्रेस आमदार होते. त्यांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर पक्ष सोडला आणि भंडारा-गोंदियातून अपक्ष उभे राहिले. जिंकले राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल. पण पटोलेंना दोन लाखांहून जास्त मतं पडली आणि ते दुसरे आले. भाजपचे मावळते खासदार शिशुपाल पटले तिसऱ्या क्रमांकावर गेले.

काही महिन्यांनी विधानसभा आली. भाजपने साकोलीचं तिकीट पटोलेंना दिलं आणि ते निवडून आले. २०१४ मध्ये त्याच पक्षाच्या चिन्हावर त्यांनी लोकसभेला पटेल यांना सुमारे दीड लाख मतांनी हरवलं.

हा क्रम नीट बघा. आधी चिन्हाशिवाय मतं दाखवली, मग चिन्ह मिळालं. भोंडेकरांचंही तसंच: २०१९ मध्ये अपक्ष जिंकले, २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेच्या चिन्हावर लढून पुन्हा जिंकले. माझ्या वाचनातून आणि या निकालांतून मला जे दिसतं ते असं: आपल्याकडे प्रायमरी होत नाही असं नाही. ती मुख्य निवडणुकीतच होते, आणि तिचा निकाल पक्ष पुढच्या निवडणुकीत वापरतात.

मग अपक्षाची मतं म्हणजेच जनाधार का?

इथे सावध राहायला हवं. तुमसरचंच पुढचं पान बघा. २०१९ मध्ये अपक्ष लढून दुसरे आलेले वाघमारे २०२४ मध्ये शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार होते. म्हणजे मतं दाखवून तिकीट मिळालं, तोच क्रम. पण या वेळी ते हरले आणि कारेमोरेच पुन्हा निवडून आले.

अपक्षाला पडलेल्या मतात बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात. काही मतं त्या माणसाची, काही समाजाची, काही "आमच्या माणसावर अन्याय झाला" या रागाची. रागाचं मत पाच वर्षं टिकत नाही. शिवाय माणूस नव्या पक्षात गेला की तिथल्या जुन्या इच्छुकाचं तिकीट कापलं जातं, आणि तीच नाराजी दुसऱ्या घरात सुरू होते. म्हणून एका निवडणुकीतली मतं हा जनाधाराचा पुरावा आहे, पण पूर्ण पुरावा नाही.

किंमत कोण मोजतं?

पक्ष जागा गमावतो, हे दिसतं. न दिसणारी किंमत गावात मोजली जाते. धान खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून फोन करणारा, बोनससाठी कागद जमवून देणारा, बूथवर सकाळी ७ पासून बसणारा जो कार्यकर्ता असतो, त्याला बंडखोरीत एक बाजू घ्यावी लागते. नेता वर्षभरात परत पक्षात येतो, सत्कारही होतो. कार्यकर्त्याचं मात्र शेजाऱ्याशी, सोसायटीच्या अध्यक्षाशी, कधी सख्ख्या भावाशी बिनसलेलं असतं. ते कुठल्या फॉर्मवर नीट होत नाही.

आणि फरक किती बारीक असू शकतो, हे साकोलीने २०२४ मध्ये दाखवलं. पटोले तिथे फक्त २०८ मतांनी जिंकले. २०८ मतं म्हणजे एखाद्या लहान गावातली चार-पाच नाराज कुटुंबं आणि त्यांचा गोतावळा.

म्हणून प्रायमरी हवी की नको, यापेक्षा मला तीन लहान प्रश्न जास्त उपयोगाचे वाटतात, आणि ते तुम्ही कुठल्याही पक्षाच्या तालुकाध्यक्षाला विचारू शकता. सर्व्हे केला असेल तर तो कार्यकर्त्यांना दाखवणार का? नाव शेवटच्या रात्री न सांगता पंधरा दिवस आधी सांगणार का? आणि ज्याचं तिकीट कापलं, त्याला कारण सांगणार का?

यासाठी कायदा बदलावा लागत नाही, आणि पक्षाचा एक रुपयाही खर्च होत नाही. पुढच्या वेळी पानठेल्यावर "तिकीट कोणाले?" हा विषय निघाला, तर त्याला जोडून "ठरवलं कोणी?" हेही विचारून बघा. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. तालुका लिहा, व्यक्तीचं नाव लिहू नका.