खेचा म्हणजे कणखर!

दोस्तांनो, इमारतीचं बांधकाम पाहिलंय ना? तिथे फळ्या ठोकायला खिळे असतात आणि सळया बांधायला काळी बाइंडिंग तार. खिळा हातोडीचे घाव सोसत लाकडात शिरतो. तार मात्र बोटांनीसुद्धा वळते. आता गंमत ऐका. दोघांचं पोलाद साधारण एकाच जातीचं! १०० ग्रॅम पोलादात पाव ग्रॅमहूनही कमी कार्बन. मग एक इतका ताठ आणि दुसरी इतकी मऊ कशी?

खिळेही तारेपासूनच बनतात, म्हणून चला तारेच्या कारखान्यात. इथे येते साडेपाच मिलिमीटर जाडीची तार. तिच्यावरचा काळा पापुद्रा काढतात, साबणाची पूड लावतात आणि ‘डाय’च्या भोकातून खेचतात. भोक तारेपेक्षा थोडं बारीक आणि डाय टंगस्टन कार्बाइडची, भलतीच कठीण! तार आधी तापवायची नाही, गारच खेचायची. एका डायमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. जाडी निम्मी झाली की १ मीटर तारेची चक्क ४ मीटर होते! शिवाय दर खेपेला ती आणखी कणखर होते.

का बरं? लोखंडाचे अणू ओळीने रचलेले असतात, पण रचनेत जागोजागी चुका असतात. मोठी सतरंजी सरकवायची तर एका टोकाला घडी पाडून ती घडी पुढे ढकलणं सोपं, हो ना? अणूंच्या रचनेतल्या चुका तशाच सरकतात, म्हणून धातू वाकतो. टेलर, ओरोवन आणि पोलानी या तीन शास्त्रज्ञांनी १९३४ साली हे स्वतंत्रपणे मांडलं. तार खेचली की या चुका हजारो पटींनी वाढतात, एकमेकींत अडकतात आणि सरकायला वाटच उरत नाही. झाली तार ताठ!

पण ताठ तार फार ताणली जात नाही, लवकर तुटते. म्हणून बाइंडिंग तार शेवटी भट्टीत ६००–७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आत नवे, बिनगुंत्याचे स्फटिक तयार होतात आणि तार पुन्हा मऊ पडते. खिळ्यांच्या तारेला मात्र कडकपणाच हवा, म्हणून ती तशीच ठेवतात.

एक प्रयोग करा, पण मोठ्यांच्या मदतीनं. बाइंडिंग तारेचा तुकडा पकडीनं वाकवा आणि पुन्हा सरळ करायला जा. वाकलेली जागा हटून बसते, शेजारचाच भाग वळतो! कारण तुम्हीच सांगा. आता तुम्हाला ते माहीत आहे.