आयुष्यातील आवर्तने : ओळखावी कशी, मोडावी कशी?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत 'आवर्तन' हा शब्द उच्चारला, की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे कालव्याचे पाणी उभे राहते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांच्या पाण्यावर इथली शेती चालते. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, याची चर्चा गावोगावच्या पारावर रंगते. माणसाच्या आयुष्यातही अशी आवर्तने असतात. फरक इतकाच, की त्यांचे वेळापत्रक कोणी जाहीर करीत नाही. नोकरी बदलली तरी नव्या वरिष्ठांशी तोच जुना खटका उडतो. एक कर्ज फिटते न फिटते तोच दुसरे डोक्यावर बसते. घरातले भांडण दर वेळी नव्या विषयावरून सुरू होते आणि त्याच जुन्या वाक्यावर येऊन थांबते.

'आमच्या नशिबातच आहे', असे म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. मानसशास्त्राचे म्हणणे मात्र निराळे आहे. अशा पुनरावृत्तीत परिस्थितीचा वाटा असतोच. पण आपण सवयीने जो उपाय करतो, त्याचाही वाटा मोठा असतो. तो उपायच अनेकदा पुढच्या आवर्तनाची सोय करून ठेवतो. ही गोष्ट समजावून देणारी दोन बोलकी उदाहरणे याच परिसरात आहेत. एक नारायणगावच्या टोमॅटो बाजारातले, तर दुसरे उसाच्या शेतात वावरणाऱ्या बिबट्यांचे.

गेल्या हंगामाचा भाव

नारायणगावचा उपबाजार टोमॅटोसाठी राज्यभर ओळखला जातो. जुलै २०२३ मध्ये येथे वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. शहरांत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली आणि एका हंगामात मालामाल झालेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या देशभर झळकल्या. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०२१ मध्ये, तोडणीचा आणि वाहतुकीचा खर्चही निघत नाही म्हणून राज्यात अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते. २०२३ ची तेजीही टिकली नाही. सप्टेंबर उजाडेपर्यंत भाव पुन्हा कोसळले होते.

अर्थशास्त्राला हे चक्र नवे नाही. निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञाने १९३४ मध्ये त्याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली. लागवड होते ती आजचा भाव पाहून. माल मात्र बाजारात येतो दोन-अडीच महिन्यांनी. तोवर शेजारच्या शेतकऱ्यानेही तोच भाव पाहून तोच निर्णय घेतलेला असतो. आवक वाढते, भाव पडतो. हात पोळलेले शेतकरी पुढच्या वेळी लागवड कमी करतात. मग आवक घटते आणि भाव चढतो.

हे चक्र शेतकऱ्याला ठाऊक नसते, असे मुळीच नाही. बाजारात उभ्या असलेल्या कोणालाही विचारले, तर तो ते तोंडपाठ सांगेल. मग ठाऊक असूनही पाऊल त्याच वाटेवर का पडते? मानसशास्त्रात याची काही उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर स्मरणशक्तीचे आहे. जी घटना ठळकपणे आठवते, ती वारंवार घडते असे मनाला वाटू लागते. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७३ मध्ये मनाची ही खोड दाखवून दिली. एका हंगामात शेजाऱ्याने बांधलेला बंगला रोज नजरेस पडतो. तोट्यात गेलेले चार हंगाम मात्र कोणी भिंतीवर लावून ठेवत नाही.

दुसरे उत्तर बक्षिसाच्या अनिश्चिततेचे आहे. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की दर वेळी दाणा मिळाला तर दाणा बंद होताच कबुतराची कृतीही लवकर थांबते; पण दाणा कधी मिळाला, कधी नाही, असे झाले तर ती कृती दीर्घकाळ सुटत नाही. लॉटरी, जुगार, शेअर बाजारातील रोजची उलाढाल आणि कधी प्रेमाने तर कधी तुसडेपणाने वागणाऱ्या माणसामागे जाणारे मन, या सर्वांच्या मुळाशी हेच सूत्र आहे.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. झालेले नुकसान भरून काढण्याची घाई माणसाला स्वस्थ बसू देत नाही. 'दोन एकरांत गेले, ते चार एकरांत काढू', हा विचार त्या क्षणी उपाय वाटतो. प्रत्यक्षात त्याच वाटेने पुढच्या नुकसानीचा आकडा दुप्पट होण्याचा धोका असतो.

उपायातच अडचण

उपायाने दुखणे वाढण्याचे याहून ठसठशीत उदाहरण जुन्नरच्या बिबट्यांनी दाखवून दिले. कालव्यांमुळे या भागात उसाचे क्षेत्र वाढले आणि उसाच्या दाट आडोशात बिबटे राहू लागले, पिल्लांना जन्म देऊ लागले. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांचा समावेश असलेल्या जुन्नर वन विभागात २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात येऊ लागले. उपाय साधा आणि सर्वांना पटणारा होता. शेतातला प्राणी जंगलात गेला, म्हणजे प्रश्न मिटला, अशी समजूत होती.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा निराळेच चित्र पुढे आले. स्थलांतराची मोहीम सुरू होण्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला चार होती. मोहिमेच्या काळात ती सतरावर गेली. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. अनोळखी प्रदेशात सोडलेला बिबट्या बिथरतो, आपल्या मूळ जागेकडे परतण्याचा प्रयत्न करतो, तर रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो. हल्ला झाला की पिंजरा, पिंजऱ्यानंतर स्थलांतर आणि स्थलांतरानंतर पुन्हा हल्ला, असे ते आवर्तन होते. केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने २०११ मध्येच काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट पकडापकडीला आळा घालण्यावर भर देण्यात आला.

याचा अर्थ पिंजरा कधीच लावू नये, असा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत लहान मुलांचे बळी गेले आणि संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला आकडेवारी सांगून चालत नाही. माणसांवर हल्ले करणाऱ्या प्राण्याचा बंदोबस्त करावाच लागतो. मात्र भीतीच्या भरात सुचणारा पहिला उपाय दूरवर टिकतो का, हा प्रश्न अशा वेळीही विचारावा लागतो.

पॉल वॉट्झलाविक, जॉन वीकलँड आणि रिचर्ड फिश या मानसोपचार क्षेत्रातील तज्ज्ञांनी १९७४ मध्ये हाच विचार कौटुंबिक आणि वैयक्तिक प्रश्नांच्या संदर्भात मांडला होता. अडचण सोडविण्यासाठी आपण जे पुनःपुन्हा करतो, तेच अनेकदा अडचण जिवंत ठेवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पती गप्प राहतो म्हणून पत्नी खोदून विचारते. ती विचारते म्हणून तो अधिकच गप्प होतो. दोघेही आपापल्या परीने उपायच करीत असतात. मुलगा अभ्यास करीत नाही म्हणून वडील रोज बोलतात. रोजच्या बोलण्याने पुस्तकाचे नाव काढले तरी मुलाच्या कपाळाला आठी पडते. हप्ते थकले म्हणून नवे कर्ज घेतले जाते आणि हप्त्यांत आणखी एकाची भर पडते.

आवर्तन ओळखावे कसे?

एकदा घडले तर तो प्रसंग असतो. तीनदा त्याच क्रमाने घडले तर त्यात आवर्तन शोधावे. मात्र ते केवळ आठवून सापडत नाही, कारण आठवणी निवडक असतात. त्यासाठी कागदावरची नोंद हवी. टोमॅटो उत्पादकाकडे ती आयतीच असते. आडतीवर मिळालेल्या गेल्या पाच वर्षांच्या पट्ट्या तारखेनुसार मांडल्या आणि शेजारी त्या त्या वर्षीची लागवड, खते, बांबू-तार व मजुरीचा खर्च लिहिला, तर कोणत्या निर्णयानंतर काय झाले, हे एका नजरेत दिसते.

शहरी वाचकालाही हे करता येते. वहीच्या पानावर तीन रकाने पाडावेत. पहिल्यात घडलेला प्रसंग, दुसऱ्यात त्या क्षणी मनात आलेले वाक्य आणि तिसऱ्यात आपण केलेली कृती लिहावी. यांतला मधला रकाना सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे. प्रसंग थेट भावनेला जन्म देत नाही. प्रसंगाचा आपण लावलेला अर्थ तिला जन्म देतो. कि. मो. फडके यांनी ही विचारसरणी मराठी वाचकांना परिचित करून दिली. 'साहेबांनी अहवाल परत पाठविला' हा प्रसंग; 'माझी इथे किंमतच नाही' हे वाक्य; आणि तडकाफडकी राजीनामा ही कृती. तीन नोकऱ्यांच्या नोंदीत मधले वाक्य तेच निघाले, तर शोध नोकरीचा न करता त्या वाक्याचा करायला हवा.

अशा वाक्यांची मुळे पुष्कळदा बालपणात असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांनी लहानपणी मनात रुजणारे आणि पुढे आयुष्यभर त्रास देणारे असे अठरा साचे मांडले आहेत. 'मला सोडून जातील', 'मी कमी पडतो', 'दुसऱ्यांचे मन राखलेच पाहिजे' यांसारख्या समजुती त्यांत मोडतात. एके काळी त्यांनीच त्या मुलाला सांभाळले असते. मोठेपणी मात्र त्या पायात येतात.

मोडावे कसे?

'यापुढे असे करणार नाही' हा निश्चय पुरेसा ठरत नाही. मोह, राग किंवा भीती ऐन भरात असताना विवेक कमजोर झालेला असतो. म्हणून निर्णय त्या क्षणाच्या बराच आधी घ्यावा लागतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यासाठी 'जर-तर'च्या नेमक्या योजनेची उपयुक्तता दाखवून दिली आहे. 'कमी रागवेन' ही इच्छा झाली. 'आवाज चढला, तर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाईन' ही योजना झाली. 'यंदा जपून लागवड करीन' ही इच्छा. 'भाव कितीही चढला, तरी निम्म्याहून अधिक क्षेत्र टोमॅटोखाली नेणार नाही आणि त्यासाठी नवे कर्ज काढणार नाही' ही योजना.

दुसरी पायरी म्हणजे नेहमीचा उपाय थांबवून पाहणे. बिबट्यांच्या बाबतीत हे घडलेले आहे. ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्ले सापडली, की ती उचलून सुरक्षित ठिकाणी न्यावीत, असे कोणालाही वाटते. परंतु पिल्ले दिसेनाशी झाली की मादी त्यांच्या शोधात तेथेच घुटमळते आणि आक्रमक होण्याची भीती असते. म्हणून वन विभाग आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रातील कर्मचारी पिल्लांची तपासणी करून ती पुन्हा त्याच ठिकाणी ठेवतात. रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. जवळ जाण्याऐवजी दूर राहणे, हा येथे उपाय ठरतो. घरातही एखाद्या आठवड्यापुरते खोदून विचारणे थांबविले, तर काय होते, ते पाहता येते. प्रयोग लहान असावा आणि त्याची मुदत ठरलेली असावी.

तिसरी पायरी धीराची. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. व्यक्तीपरत्वे हा काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हा त्यातला दिलासा देणारा निष्कर्ष आहे. एक दिवस चुकला म्हणजे सारे संपले, असे मानणे हेच पुष्कळदा जुन्या आवर्तनाचे शेवटचे हत्यार असते.

सारा दोष आपलाच नव्हे

या विचाराची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. प्रत्येक पुनरावृत्तीला ती भोगणारा माणूसच जबाबदार असतो, असे नाही. टोमॅटोचा भाव एकट्या शेतकऱ्याच्या निर्णयाने पडत नाही; साठवणूक, प्रक्रिया उद्योग आणि बाजाराची माहिती यांची उणीव त्याच्या हाताबाहेरची असते. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला 'तुझेच काहीतरी चुकत असेल' असे म्हणणे तर अन्यायाचे ठरेल. तेथे गरज सुरक्षिततेची आणि कायद्याच्या आधाराची असते. म्हणून वहीतल्या नोंदींवर एकदा रेघ ओढावी. जे आपल्या हातात नाही ते एका बाजूला आणि जे आहे ते दुसऱ्या बाजूला लिहावे. दुसरी बाजू बहुधा छोटी निघते. पण सुरुवात तिथूनच होऊ शकते.

व्यसन, दीर्घकाळचे नैराश्य किंवा जीव नकोसा होण्याचे विचार हे आवर्तनाचा भाग असतील, तर एकट्याने झुंजत बसू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर समुपदेशन मिळते. पुढे गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेता येतो.

कालव्याचे आवर्तन आपोआप सुटत नाही. कोठे तरी एक दरवाजा असतो आणि तो कोणी तरी उघडतो. आयुष्यातल्या आवर्तनाचा दरवाजा बहुधा त्या मधल्या रकान्यातल्या वाक्यात आणि त्यानंतर सवयीने केलेल्या उपायात सापडतो. पुढच्या हंगामाची रोपे सांगण्यापूर्वी, नवा राजीनामा लिहिण्यापूर्वी किंवा तेच भांडण पुन्हा सुरू होण्यापूर्वी ती वही एकदा उघडून पाहावी. मागच्या तीन वेळी आपण काय केले होते, ते तिच्यात आपल्याच अक्षरात लिहिलेले असेल.